रस्त्याकडची बाजू

मंगळवार, ३

चौकीतली पोलीसबाई म्हणाली, "आठवेल तसं लिहून ठेवा, आजी. दोन दिवसांनी माणूस विसरतो." आधी तिला सांगितले की मला आजी म्हणू नकोस, दुकानात सगळे बाई म्हणतात, तूही तेच म्हण. मग घरी येऊन ही डायरी काढली. भिंगांच्या कंपनीने वर्षाच्या सुरुवातीला दिली होती. आजवर हिच्यावर चहाचा कप ठेवण्यापलीकडे हिचा काही उपयोग झाला नव्हता.

घडले ते असे. काल संध्याकाळी आमचे चष्म्याचे दुकान बंद केले. शटर ओढले, दोन्ही कुलपे लावली, हिसका देऊन पाहिली. मदतनीस बडबडी (हे नाव ह्यांनी ठेवलेले, आणि तिला ते आवडते) बसथांब्याकडे गेली. मी नेहमीच्या रस्त्याने घराकडे निघाले. डाव्या हाताला भिंत, उजव्या हाताला रस्ता, पिशवी उजव्या खांद्याला. दवाखान्याच्या लांब भिंतीपाशी दुकाने संपतात. तिथे एका माणसाने पिशवी ओढली. मी सोडली नाही. गुडघ्यावर पडले. पट्ट्याची कडी तुटून पिशवी खाली पडली आणि सामान पसरले. मी ओरडले. समोरच्या इस्त्रीवाल्याने दार उघडले, तसा तो माणूस पळाला. काही गेले नाही. गुडघा सुजला आहे.

चौकीत पुढीलप्रमाणे बोलणे झाले.

"दिसायला कसा होता?"

"पाहिला नाही."

"उंची? दाढी? कपडे?"

"पाहिला नाही म्हटलं ना."

ती डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिली. तिला लांबचा नंबर आहे आणि ती चष्मा लावत नाही, हे मी आत शिरताच ओळखले होते. म्हणाली, "तुम्ही तर दिवसभर चेहरेच बघता, बाई."

मी तिच्या टेबलावरचे तिरके पेन सरळ केले.

"पिशवीत काय काय होतं?"

"दुकानाच्या किल्ल्या. डबा, छत्री. बुबुळांमधलं अंतर मोजायची पट्टी. एक चष्मा."

"कुणाचा?"

"दुरुस्तीचा आहे."

"आणि ओरडलात काय?"

"चोर, चोर."

तिने लिहून घेतले.

बुधवार, ४

लेकीचा फोन. तिला बडबडीने कळवले. या बाईच्या पोटात तीळ भिजत नाही.

"आई, आता पुरे. बाबा होते तोवर ठीक होतं. या महिनाअखेरीला दुकान बंद कर आणि इकडे ये. तुझी खोली तयार आहे. खिडकी आहे तिला."

"खोलीला खिडकी असतेच."

"आई!"

"बरं. विचार करून सांगते."

पलीकडून घाबऱ्या आवाजात, "तू विचार करून सांगणार? गुडघाच आपटलाय ना? डोकं नाही ना?"

तिचे चुकत नाही. विचार मी आधी करते आणि मग फोन उचलते. पण या वेळी 'नाही' हा शब्द तोंडाशी आला आणि तिथेच बसून राहिला. दुकान माझ्याच्याने चालते, त्याबद्दल शंका नाही. संध्याकाळचा रस्ता चालवेल का, हा प्रश्न आहे. आणि तो रस्ता नसेल तर मग दुकानही कशाला, असे काहीतरी मनात येते. याचा अर्थ मला नीट लागत नाही.

लेकीने एक विचारले ते बरोबर होते. पिशवी रस्त्याच्या बाजूला का? कारण ती बाजू ह्यांची. लग्नानंतर दुकान थाटले तेव्हापासून संध्याकाळी आम्ही दोघे चालत घरी यायचो. भिंतीकडून मी, रस्त्याकडून हे, आणि पिशवी आमच्या मध्ये. मध्ये असलेली पिशवी कोण ओढणार? ह्यांचा एक कान लहानपणीच्या तापात गेलेला. चांगला कान माझ्याकडे यावा म्हणून ही बाजू ठरली होती. दिवसभरात काय चुकले ते मी सांगायची आणि हे 'हो, हो' म्हणायचे. हे गेले त्याला वर्ष होत आले. खांद्याला ते अजून कळलेले नाही. आज मुद्दाम पिशवी डाव्या खांद्याला घेतली. चार पावलांत तोल गेल्यासारखे वाटले आणि परत उजवीकडे घेतली.

शनिवार, ७

इस्त्रीवाला जवळचा चष्मा करायला आला. मी पूर्ण पैसे घ्यावेत असा त्याने हट्ट केला, त्याने सवलत घ्यावी असा मी केला. मी जिंकले. मग खुर्चीत बसल्या बसल्या बडबडीसमोर म्हणतो, "बाई, तुम्ही हाक मारलीत म्हणून बाहेर आलो. नाहीतर या रस्त्यावर कोण कुणासाठी दार उघडतंय."

"हाक नव्हती ती. चोर म्हणून ओरडले मी."

"नाही हो. तुम्ही 'अहो' म्हणालात. 'अहो!' असं. मला वाटलं, मलाच."

बडबडी काच पुसत राहिली, पुसून झालेली.

मी म्हणाले, "खालची ओळ वाचा. बारीक अक्षरांची."

आता बाकीचेही लिहून टाकते. अर्धवट नोंद ही चुकीच्या नोंदीपेक्षा वाईट, असे मीच दुकानात सगळ्यांना सांगत आले आहे.

तो माणूस अचानक आला नाही. कोपऱ्यावरच्या फोनच्या दुकानापासूनच तो माझ्या उजव्या हाताला, माझ्या चालीने चालत होता. एक पाऊल किंचित घासत. ह्यांचा घोटा एकदा मुरगळला होता, तेव्हापासून ह्यांची एक चप्पल अशीच घासायची. मी ऐकले. मान वळवली नाही. त्या बाजूला मान वळवण्याची मला कधी गरजच पडली नव्हती. मी भिंतीकडे थोडी सरकले, त्याला जागा व्हावी म्हणून. चाल हळू केली. आणि मी म्हणाले, "बिजागरीचे स्क्रू संपत आलेत. उद्या मागवायला हवेत."

हे मी खरोखर मोठ्याने म्हणाले. तो काही बोलला नाही. हेही 'हो, हो'पलीकडे बोलत नसत.

दवाखान्याची अख्खी भिंत आम्ही असे चाललो. मग पिशवीला हिसका बसला.

हे पोलिसांच्या उपयोगाचे नाही. तिथे सांगणार नाही.

सोमवार, ९

कडी बदलून घेतली. गुडघ्याची सूज उतरली. नेहमीच्या वेळी, नेहमीच्या रस्त्याने आले. पिशवी उजव्या खांद्यालाच ठेवली. कारण स्पष्ट आहे. तो पुन्हा आला तर या वेळी चेहरा नीट पाहून पोलिसांना सांगता येईल. कोणीतरी हे काम करायला हवे.

कोणी आले नाही.

गुरुवार, १२

आजही नाही. दवाखान्याच्या भिंतीपाशी हळू चालले, गुडघ्यामुळे.

बडबडी म्हणते, "बाई, तिकडून कशाला जाता? बाजारातून जा ना. उजेड आहे, माणसं आहेत."

"लांब पडतं."

"काल म्हणालात की डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"तुझं हातातलं भिंग बघ. ओरखडा पडेल."

हिला उलट उत्तरे द्यायला ह्यांनी शिकवले. दोघे मिळून माझी थट्टा करायचे, आणि मी रागावले की हे तिच्याकडे बघून भुवया उडवायचे. त्यांना वाटायचे मला दिसत नाही. आरशांच्या दुकानात.

शनिवार, १४

आज चांगले झाले नाही.

पिशवीतला तो चष्मा ह्यांचा आहे. नाकावरच्या पट्ट्या पिवळ्या पडल्या होत्या, त्या बदलायच्या म्हणून मी पिशवीत ठेवला, आणि बडबडीलाही दुरुस्तीचा म्हणूनच सांगितले. इतर कामांतून सवड झाली नाही. नाकपट्ट्या बदलायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नाही हे मला माहीत आहे, पण सवड झाली नाही.

दुपारी मी बँकेत गेले. परत आले तर काउंटरवर तो चष्मा, धुतलेला, लखलखीत, नव्या नाकपट्ट्या बसवलेल्या. बडबडी खुशीत. "तुमच्या पिशवीतून पट्टी काढत होते, तर हा दिसला. केव्हाचा राहिलाय! म्हटलं, करून टाकावा."

"जुन्या कुठे आहेत?"

"कसल्या जुन्या?"

"नाकपट्ट्या."

"त्या? कचऱ्यात. गाडी घेऊनसुद्धा गेली."

मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. गिऱ्हाईक होते. ते लहान मुलाला घेऊन बाहेर जाऊन उभे राहिले. बडबडी रडली नाही, फक्त एप्रन घडी करून ठेवला आणि म्हणाली, "मला काय माहीत, बाई. तुम्ही दुरुस्तीचा म्हणाला होतात."

मंगळवार, १७

काल ती आली नाही. दुकानात इतकी शांतता होती की घड्याळ दुरुस्तीला टाकावेसे वाटले. आज सकाळी मी फोन केला. म्हणाले, "दुकान उघडं आहे." ती म्हणाली, "बरं." आणि आली.

माफी मागणे मला जमत नाही. तिच्या चहात दोन चमचे साखर घातली. एरवी मी एकच घालू देते. तिने घोट घेतला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "माझी मोठी जाऊ काय म्हणते माहितेय का..." मग संध्याकाळपर्यंत थांबली नाही. मीही थांबवले नाही.

लेकीचा पुन्हा फोन. महिनाअखेर जवळ आली म्हणाली. भाडेकरू पाहू का, म्हणाली. मी म्हटले, पाहून ठेव.

गुरुवार, १९

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पोलीसबाई माहिती सांगायला आली होती. रस्त्यात कोणी लुटायला आले तर कसे ओळखावे आणि काय करावे. सचिवांनी मला पहिल्या रांगेत बसवले, जणू मी सत्कारमूर्ती. बडबडीलाही मी बोलावले होते. ती माझ्या शेजारी बसून फराळाच्या डब्याकडे लक्ष ठेवून होती.

मुलगी बोलते चांगले. म्हणाली, "चोर तुमच्याकडे धावत येत नाही. तो आधी तुमची चाल पकडतो. तुम्ही हळू झालात की तोही हळू होतो, थांबलात की थांबतो. मग वेळ विचारेल, पत्ता विचारेल. म्हणजे तुमचं लक्ष घड्याळात आणि हात पिशवीवरून सुटलेला. शंका आली की सरळ वळा आणि तोंडाकडे बघा. चेहरा पाहिला गेला की निम्मे तिथेच गळतात. उघड्या दुकानात शिरा. नुसतं ओरडू नका, कुणाला तरी धरून हाक मारा. आणि पिशवी भिंतीच्या बाजूला घ्या."

मी हात वर केला. "आणि ओढलीच तर?"

"सोडून द्या."

"सोडून?"

"हो बाई. पिशवी परत मिळते. खुबा मिळत नाही."

सगळे हसले. मी हसले नाही. तिला काय माहीत पिशवीत काय असते.

पुढे म्हणाली, "कानात गाणी घालून चालता ना सगळे? निदान रस्त्याकडचा कान मोकळा ठेवा. जे काही यायचं ते तिकडून येतं."

मग प्रात्यक्षिक. मला उठवले, खुर्च्यांची रांग ही भिंत असे ठरवले, आणि रोज चालता तशा चाला म्हणाली. माझ्या उजव्या हाताला कुणीतरी हवे होते. बडबडी उठलीच. "मी साहेब होते! बाई, रागवा मला. सवय आहे." सगळे पुन्हा हसले. आणि नक्कल पुरी व्हावी म्हणून तिने डाव्या कानावर हात ठेवला. "साहेबांचा हा कान बंद."

तिचा तळहात माझ्या तोंडासमोर होता.

मी म्हणाले, "हा नाही. तो, पलीकडचा."

"हाच, बाई. डावा. डावीकडून कितीही ओरडलं तरी साहेबांना ऐकू यायचं नाही. म्हणून तर मी फडकं फेकून मारायची."

पोलीसबाई म्हणाली, "चला, चाला."

मी चालले. तिने पिशवी ओढली, मी सोडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

शुक्रवार, २०

बडबडीचे बरोबर आहे. डावाच.

नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी शिकवते की समोर बसलेल्याचा उजवा डोळा आपल्या डाव्या हाताला येतो. लिहिताना त्याचा उजवा तो उजवा, आपला नव्हे. याबाबतीत माझ्या हातून गिऱ्हाइकाचे एकही भिंग चुकलेले नाही. पण ह्यांना मी जन्मभर समोरून पाहिले. काउंटरच्या पलीकडे हे, अलीकडे मी. ह्यांचा चांगला कान माझ्या डाव्या हाताला. तोच डावा हात मनात धरून मी रस्त्यावर चालले. तिथे हे माझ्या शेजारी होते, समोर नव्हते, आणि मी त्यांच्या डावीकडे होते. बहिऱ्या कानाकडे. चांगला कान रस्त्याकडे.

म्हणजे इतकी वर्षे मी बहिऱ्या कानाशी बोलले! एखाद्याने सांगितले असते. स्वतः ह्यांनी सांगायला काय झाले होते? बाजू बदलली असती, काम सोपे होते. मी भांडवलाबद्दल बोलले, लेकीच्या प्रवेशाबद्दल बोलले, चुकीच्या मापांबद्दल तर रोज बोलले. हे रस्त्याकडे बघत 'हो, हो' म्हणत राहिले. मला वाटायचे, पटते आहे.

इतका राग आला की दुपारचा डबा तसाच परत आणला.

शनिवार, २१

अजून एक आहे. ते काल लिहिले नाही.

एकदा ह्यांची बहीण आजारी होती, म्हणून हे तिच्याकडे जाऊन राहिले होते. मी दुकान एकटीने चालवले. उत्तम चालवले. हे परत आले त्या संध्याकाळी आम्ही चालत घरी येत होतो. दवाखान्याच्या भिंतीपाशी मी म्हणाले, "पुन्हा असं एकटे जाऊ नका. मला करमत नाही."

असे बोलायची मला सवय नाही. लग्नाआधी नाही, नंतर नाही. तेवढे एकदा बोलले. समोर बघून बोलले, कारण तोंडाकडे बघून जमले नसते.

हे म्हणाले, "हो, हो."

तेवढे मला इतकी वर्षे पुरले. आता कळते की ते कुठल्या कानाला सांगितले.

त्यानंतर हे कधी एकटे कुठे गेले नाहीत, हे खरे. पण बहिणीची तब्येतही सुधारली होती. त्यामुळे त्यावरून काही सिद्ध होत नाही.

विचारायला हवे होते. 'ऐकलंत का?' एवढे दोन शब्द. इतरांना मी उठता बसता विचारते.

सोमवार, २३

बडबडीने परस्पर ठरवले आहे की आजपासून ती माझ्याबरोबर चालत येणार आणि पुढच्या थांब्यावर बस पकडणार. "सोबत म्हणून नाही हो, मला तिथे बसायला जागा मिळते." खोटे बोलताना तिची मान उजवीकडे कलते. तिची उजवीकडे.

ती प्रात्यक्षिकातल्यासारखी माझ्या उजव्या हाताला, रस्त्याकडे चालू लागली. मी थांबले. तिला दंडाला धरून भिंतीकडे घातले. पिशवी डाव्या खांद्याला घेतली.

"असं का, बाई?"

"पोलीसबाईनं सांगितलंय."

पोलीसबाईने पिशवीचे सांगितले होते, माणसाचे नव्हते. तिच्या ते लक्षात आले नाही.

त्या बाजूने मी कधी चाललेच नव्हते. वेगळाच रस्ता आहे तो. मागून येणारी प्रत्येक सायकल पाठीला कळते. वळणारी गाडी, कुत्रे, उघडे गटार, सगळ्यांचा हिशोब ठेवावा लागतो. मला वाटायचे हा रस्ता शांत आहे.

बुधवार, २५

काल तो आला.

फोनच्या दुकानापाशी मला मागून पाऊल ऐकू आले. किंचित घासत. मग माझ्या उजव्या हाताला, माझ्या चालीने. डावीकडे बडबडी जावेच्या मिक्सरची गोष्ट सांगत होती. मी हळू झाले, तो हळू झाला. मी चपलेचा पट्टा बघायला थांबले, तो थांबला. पोलीसबाईने सांगितले होते अगदी तसे. मला सगळे कळले होते. कळत नव्हते असे मी म्हणणार नाही.

तरी मी मान वळवली नाही. पुन्हा चालू लागले. चालू दिले. रोज याच वेळी, याच रस्त्याने मी कशासाठी येत होते ते मला तेव्हा दिसले, आणि पोलिसांचा त्याच्याशी संबंध नव्हता. ते पाऊल आणखी थोडे चालले असते तर बरे झाले असते. भिंत संपेपर्यंत.

तो म्हणाला, "मावशी, किती वाजले?"

त्याच वेळी बडबडी हसली, आपल्याच गोष्टीवर, मान मागे टाकून. तिला काही पत्ता नव्हता. तिची पर्स भिंतीकडच्या हातात झुलत होती. आणि मला आठवले की माझ्या भिंतीकडच्या बाजूला कोणीतरी आहे.

मी पूर्ण वळले आणि म्हणाले, "मान सरळ! माझ्याकडे बघा. हलायचं नाही."

दुकानातला आवाज. या आवाजाला मोठमोठे अधिकारी सरळ बसतात. त्याने मान सरळ केली. दिव्याच्या उजेडात मी त्याला नीट पाहिले. पस्तिशीच्या आतला. चेहरा अरुंद, डोळे जवळ जवळ, नाकाचे हाड मध्ये वाकलेले. डावा कान उजव्यापेक्षा खाली, त्याच्या नाकावर कुठलाही चष्मा तिरकाच बसणार. त्याचा डावा. मी दोनदा पाहिले.

"इस्त्रीवाले!" बडबडीने अशी हाक दिली की दवाखान्याच्या खिडक्या उघडल्या. इस्त्रीवाला हातातल्या इस्त्रीसकट धावत आला. तो माणूस पळाला. पळताना एका बुटाचा तळ सुटून लोंबत होता, तो रस्त्याला घासत होता.

एवढेच होते ते. सुटलेला तळ.

चौकीत मी सांगत गेले आणि पोलीसबाई लिहीत गेली. तिचा हात दुखला. म्हणाली, "बाई, मागच्या वेळी तर काहीच सांगितलं नाहीत."

"मागच्या वेळी पाहिला नव्हता."

"आणि या वेळी?"

"या वेळी पाहिला."

घरी आल्यावर दिवा न लावता बसले. भीती नव्हती. एकदा तोंडाकडे पाहिले की पुन्हा न पाहिल्यासारखे करता येत नाही. आता त्या भिंतीपाशी माझ्या शेजारी कोणी येणार नाही.

शनिवार, २८

सकाळी लेकीला फोन केला. उचलण्याआधी विचार करून झाला होता.

"येत नाही. भाडेकरू नको."

"आई, अगं दुसऱ्यांदा झालं! आणि तू मुद्दाम वळून त्याच्याशी बोललीस म्हणे!"

"बोलले नाही. मान सरळ करायला सांगितली."

"बाबा असते तर..."

"बाबा रस्त्याच्या बाजूने चालायचे," मी म्हणाले. "आता मी चालते. भिंतीकडे माणूस आहे."

ती मग म्हणाली, "खोली तशीच ठेवते. सुट्टीला तरी ये." येईन म्हटले. खिडकी पाहायची आहे.

दुपारी पोलीसबाई डोळे तपासायला आली. तो माणूस अजून सापडलेला नाही, पण माझ्या वर्णनावरून चित्र काढून चौकीत लावले आहे म्हणाली, आणि चित्रातही त्याचा चष्मा तिरका बसेल असे सगळ्यांना वाटते. तिला नंबर निघाला, मला वाटले त्याहून जास्तच. चष्मा लावून दारात उभी राहिली आणि समोरच्या झाडाकडे बघत म्हणाली, "अगं बाई, पानं आहेत की." पहिल्यांदा चष्मा लावणारे सगळे हेच म्हणतात. हे अशा वेळी काम थांबवून दाराशी यायचे, त्या माणसाचा चेहरा बघायला. आज मी गेले.

ह्यांचा चष्मा काउंटरच्या खणात ठेवला. पिशवी हलकी लागते.

संध्याकाळी शटर ओढले, कुलपांना हिसका दिला. बडबडीला भिंतीकडे घातले. फोनच्या दुकानापाशी एक मोटारसायकल फुटपाथवर चढू पाहत होती, तिच्यावर नजर ठेवली. पुढे दोन पोरे धक्काबुक्की करत येत होती. दवाखान्यातून गाडी मागे येत होती, तिचा आवाज धरून ठेवला. बडबडी बोलत होती. जाऊ असेल, मिक्सर असेल. भिंत संपत आली तेव्हा ती थांबली. समोर बघत उभी राहिली आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाली. तिच्या नेहमीच्या बोलण्यातले नव्हते ते. तेवढ्यात मागून सायकल आली. मी तिच्या आणि सायकलीच्या मध्ये झाले.

"हो, हो," मी म्हणाले.

तिचा चेहरा एकदम खुलला. माझा हात धरून तिने तो दाबला आणि पुढे चालू लागली.

ती काय म्हणाली ते मला ऐकू आले नव्हते.